स्टिअरिंगमधला टी-शर्ट

ती केस आठवली की आजही गाडी सुरू करताना माझी नजर आधी डॅशबोर्डवरच्या छोट्या लाल दिव्याकडे जाते. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असं चित्र असलेला दिवा. किल्ली फिरवली की लागतो, काही क्षणांत विझतो. विझला म्हणजे एअरबॅग शाबूत. निदान आपण तसं समजतो.

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोक माझ्या डोक्यावर पांढरे केस शोधतात. मी वीस वर्षं भरताच गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता सिग्नलला उभा राहून बेल्ट-एअरबॅगची पत्रकं वाटतो. का वाटतो, ते या केसमध्ये आहे.

मी तेव्हा शहराच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एका सकाळी कात्रजजवळ एका शिक्षिकेची गाडी रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर आदळली. ट्रकला ना मागचा दिवा, ना रिफ्लेक्टर. बाईंनी बेल्ट लावला होता, म्हणून जीव वाचला. पण चेहरा स्टिअरिंगवर आपटून जबडा आणि गालाचं हाड मोडलं. एअरबॅग उघडलीच नव्हती. ट्रकवाल्यावर गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, गाडी क्रेनने ठाण्याच्या आवारात आली. कागदोपत्री काम संपत आलं होतं.

पण क्रेनवाला गाडी उतरवूनही जाईना.

"साहेब, एक बोलू का? ही गाडी मी दुसऱ्यांदा उचललीय."

"मग?"

"मागल्या दिवाळीला मीच वढून नेली हुती, आधीच्या मालकाची. तवा पुढच्या दोन्ही पिशव्या फुटून लोंबत हुत्या. आन आता स्टिअरिंग बघा, नव्यासारखं हाय."

खबर नेहमी चोरट्या आवाजात फोनवरून येत नाही. कधी कधी ती तेलकट हात पुसत समोर उभी असते, आपण विचारायचा अवकाश.

दोन पंच बोलावले, मोटार वाहन निरीक्षकांसमोर स्टिअरिंगचं मधलं झाकण उघडलं. आत एअरबॅग नव्हती. आत होता एक टी-शर्ट. धुतलेला, नीट घडी घातलेला, भगवा. छातीवर गणपती, पाठीवर ठसठशीत अक्षरांत ‘कार्यकर्ता’, खाली बिबवेवाडीतल्या एका मंडळाचं नाव. आणि दिव्याच्या वायरला असा जोड दिलेला, की एअरबॅग नसतानाही तो शहाण्यासारखा लागावा आणि विझावा. म्हणजे त्या बाई रोज सकाळी तो विझताना बघून निर्धास्तपणे शाळेला निघत होत्या!

माझं डोकं असं फिरलं की निरीक्षकसाहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाई जबड्यामुळे बोलू शकत नव्हत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळ गाठलं. अध्यक्ष भेटले. पुणेरी माणूस, सरळ उत्तर कशाला देईल? "साहेब, वर्गणीच्या वेळी एकही सापडत नाही, टी-शर्ट वाटायला काढले की अख्खी बिबवेवाडी कार्यकर्ता होते. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

मी टी-शर्ट उलगडून त्यांच्यासमोर धरला. अध्यक्ष हसायचे थांबले. त्यात दोन अध्यक्ष मावले असते.

"या मापाचा एकच," ते हळू आवाजात म्हणाले. "मिळत नव्हता, वेगळा शिवून घेतला. आमचे गॅरेजवाले मिस्त्री. पण साहेब, देवमाणूस आहे हो. दहा दिवस मांडवातून हलत नाही."

देवमाणूस अर्ध्या तासात माझ्यासमोर बसला होता. अवाढव्य देह, कपाळावर गंध. गाडी ओळखत नाही म्हणाला. टी-शर्ट चोरीला गेला म्हणाला. वीस मिनिटं तेच. मी वैतागून तो टी-शर्ट उचलला आणि खुर्चीशेजारी फरशीवर टाकला. खरं सांगतो, डाव म्हणून नाही, रागानेच.

मिस्त्री ताडकन उठला. "साहेब, खाली नका टाकू! बाप्पा आहे त्याच्यावर." वाकून टी-शर्ट उचलला, झटकला, कपाळाला लावला आणि पुन्हा चौकोनी घडी घातली. तीच घडी. पंचनाम्याच्या फोटोत होती तीच.

आमच्या जुन्या हवालदारांनी फक्त फोटो त्याच्यापुढे सरकवला.

मिस्त्री खाली बसला. "तोकडा झाला होता, साहेब. बाप्पाचं चित्र, त्याने ग्रीस कसं पुसणार? कचऱ्यातही टाकवेना. स्टिअरिंगमध्ये जागा रिकामी होती. म्हटलं, कुणाचा पाय लागणार नाही. आणि गाडीलाही राखण झाली."

"आणि बाईंचा जबडा?"

"साहेब, एअरबॅग लागते कुणाला? आपले बाप बिनाबॅगची गाडी चालवत होते की नाही? ज्याचा हात साफ, त्याला काही लागत नाही. ही सगळी गाडी महाग करायची थेरं."

हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलंय. कदाचित घरातच!

"अशा गाड्या किती?"

"ही पहिलीच. म्हणजे... अजून एक. पांढरी. परवाच दिली, वारज्याच्या एका काकांना. आज मुलीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला साताऱ्याला जाणार होते."

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे सव्वाबारा. काकांचा नंबर मिस्त्रीकडे होताच. मी फोन लावला, नाव, हुद्दा, ठाणं सांगितलं. म्हटलं, तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, आहात तिथेच गाडी थांबवा.

पलीकडून शांत, सुस्पष्ट वारजे: "अस्सं. आपण पोलीस. मग आता डिजिटल अटक करणार असाल? करा. साताऱ्याहून निघालोय, रस्ता मोकळा आहे. आणि एक सुचवू का? सायबाचा आवाज अजून जरा भारदस्त काढा, फसतील लोक." फोन बंद. पुन्हा लावला, नंबर ब्लॉक! मिस्त्रीच्या फोनवरून लावला, तो उचललाच नाही.

हसू येतंय? मलाही आज येतं. तेव्हा घाम फुटला होता. फसवणुकीपासून सावध राहा, असं आम्हीच लोकांना घसा कोरडा होईतो सांगितलं होतं.

वरिष्ठांना कळवलं, डायरीत नोंद केली, मिस्त्रीला जीपमध्ये घातलं आणि सुटलो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर पोहोचलो आणि पुण्याकडे येणारी प्रत्येक पांढरी गाडी न्याहाळू लागलो. पांढऱ्या गाड्या संपेचनात. एक वाजला. सव्वा झाला. तेवढ्यात नाक्यावरच्या महामार्ग पोलिसांकडून कळलं, खंबाटकी बोगद्याजवळ एका पांढऱ्या गाडीला ट्रकने घासलं आहे. मिस्त्रीने ते ऐकलं आणि तो मोठा देह जीपला टेकून खाली बसला. "चुकलो, साहेब," एवढंच म्हणत राहिला. मी त्याला उठवलं नाही.

दीडला तो स्वतःच ओरडला, "ती! ती बघा, तिसऱ्या रांगेत!"

हवालदार वयाला न शोभणाऱ्या वेगाने पळाले. फास्टॅगच्या दांडीपुढेच गाडी अडवली. घासली गेलेली गाडी दुसरीच होती. इथे काका चालवत होते, मागे काकू, आणि पुढच्या सीटवर आठ महिन्यांची गरोदर मुलगी. तिचा बेल्ट पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवलेला, फक्त बीप वाजू नये म्हणून.

काकांनी काच खाली केली. गणवेश पाहिला. "अरे वा. खरेच निघालात की."

"गाडी बाजूला घ्या."

"तीस वर्षं चालवतोय मी. एक ओरखडा दाखवा. आणि एअरबॅगचं म्हणत असाल, तर हा बघा दिवा." त्यांनी इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवली. दिवा लागला, विझला. "ठणठणीत."

मी मिस्त्रीला म्हटलं, "उघड."

झाकण निघालं. आत उशीचा फोम, आणि वर नीट घडी केलेलं कॅलेंडरचं पान, गजाननाचं. मुलीच्या समोरच्या बाजूला तर तेवढंही नव्हतं. नुसती रिकामी खोबण, वर चिकटवलेलं प्लास्टिक.

काका बघत राहिले. मग मुलीच्या पोटाकडे बघितलं. मुलगीच म्हणाली, "बाबा, मी मागे आईजवळ बसते."

"बेल्ट लावून," मी म्हटलं. "खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्या. वरचा छातीच्या मधून. पाठीमागून नाही." काकूंनी तो स्वतःच्या हाताने लावला. पण गाडी मुद्देमाल म्हणून जप्त, म्हणून लगेच सोडवला आणि सगळे आमच्या बंदोबस्तात दुसऱ्या गाडीने घरी गेले. तिथेही पुन्हा लावला, हे मी पाहिलं.

खटला सुरू आहे. शिक्षिकाबाई शाळेत परतल्या आहेत, जेवताना अजून जबडा दुखतो. त्या ट्रकमागे त्यांच्या जागी मी असतो, काका असते, तरी काय केलं असतं? हात साफ असून उपयोग काय, जेव्हा हाताला करायला वेळच उरत नाही? एअरबॅग, बेल्ट, चाकं घसरू न देणारे ब्रेक, हे वाईट चालकासाठी नसतात. चांगल्या चालकाचं कौशल्य जिथे संपतं, तिथल्या त्या एका क्षणासाठी असतात. आणि तो क्षण आधी फोन करून येत नाही. आला तरी आपण त्याला ब्लॉक करतो.

मिस्त्री दुष्ट नव्हता. मला तीच गोष्ट जास्त छळते. देवाचं चित्र जमिनीला लागू नये याची त्याला इतकी काळजी, की ते ठेवायला त्याने माणसाच्या जिवाची जागा वापरली. आपण सगळेच थोडे तसे आहोत. नव्या गाडीला हार, लिंबू-मिरची, चाकाखाली नारळ. आणि बीप बंद करायला दुकानदाराने फुकट दिलेलं खोटं बक्कल!

दोन महिन्यांनी काका पेढे घेऊन ठाण्यात आले. नात झाली होती. रिक्षाने आले होते. मी विचारलं, "गाडी कोर्टातून सुटली ना?"

"सुटली. उभी आहे. खऱ्या पिशव्या बसेपर्यंत किल्ली आमच्या हिच्याकडे." मग खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "तो ब्लॉक तेवढा काढून द्या. मला जमत नाही."