मखानाचा पाय

मखानाचा मागचा डावा पाय मी मोडला. एवढे साधे वाक्य उच्चारायला मला सगळा उन्हाळा आणि बराचसा पावसाळा लागला. मखाना हा ससा. मी पशुवैद्य, सरकारी आणि अनुभवी. हा अनुभव बैल, म्हशी आणि शेळ्यांचा आहे, ही किरकोळ बाब मात्र त्या सकाळी मी कोणालाही सांगितली नाही.

दवाखान्याच्या अंगणात कळसाडी गावचा एक बैल खोड्यात, म्हणजे जनावर जखडायच्या लोखंडी चौकटीत उभा होता. आमचा मलमपट्टी करणारा ड्रेसर भिका त्याच्यापाशी होता. तेवढ्यात चंपालालशेठ रिक्षातून उतरले. गावातले जुने कापड व्यापारी. आता दुकान मुलगा मनीष बघतो. शेठच्या हातात बांबूची टोपली होती. मांजराने मखानाचा कान ओरबाडला होता.

"डॉक्टरसाब, नातीचा जीव आहे ह्याच्यात. जरा हलक्या हातानं."

"शेठ, मी वळू आडवे पाडतो. हा तर मुठीएवढा!"

चष्मा रिक्षात राहिला म्हणून शेठ परत गेले. तेवढ्या वेळात मी मखानाला दोन्ही कानांना धरून उचलले. बाजारात लोक उचलतात, तसेच. त्याने हवेत एक लाथ झाडली आणि काडी मोडावी तसा आवाज आला.

सशाची हाडे अतिशय हलकी असतात आणि मागच्या पायांचे स्नायू फार जोरकस. मागचा भाग अधांतरी लोंबला, तर तो झटका देऊन स्वतःचेच हाड मोडून घेतो. हे सारे मला ठाऊक होते. परीक्षेत या उत्तराला मला उत्तम गुण मिळाले होते. सशाला त्याची कल्पना नसावी.

शेठ परतले, तेव्हा पाय लोंबत होता.

"अरे, हे काय झालं?"

"फ्रॅक्चर आहे," मी ऑफिसच्या आवाजात म्हणालो. "रस्त्यात टोपली आदळली असणार."

उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या त्या रस्त्याइतका सोयीचा आरोपी मला दुसरा मिळाला नसता. रस्ता उलट बोलत नाही.  शेठ टोपली धरून आणलेल्या आपल्या हातांकडे पाहत राहिले.

बैल ताटकळल्याचे सांगायला भिका दारातून डोकावला. "साहेब, बैल कव्हयना उभा शे. ससाले काय व्हयनं?"

"पाय मोडलाय. रस्त्यामुळे."

"मंग आते रस्ताले सलाईन लावानं का?"

मी त्याला शिस्तीवर दोन शब्द सुनावले. त्या दिवशी शिस्तीबद्दल बोलायला माझ्याइतका लायक माणूस दवाखान्यात दुसरा नव्हता.

मग फोनाफोनी सुरू झाली. आमच्याकडे एक्स-रे नाही. धुळ्याच्या मित्राने सांगितले, "इथे कुत्र्यांचे डॉक्टर भरपूर आहेत. सशाला हात लावणारा माझ्या माहितीत कोणी नाही. सुरतला एक मॅडम आहेत. ससे, पोपट, कासवं हेच बघतात." मी मॅडमना फोन लावला.

"त्याला उपाशी ठेवू नका," त्या म्हणाल्या. "ससा खायचा थांबला की आतडं थांबतं. पेनिसिलीन तोंडावाटे अजिबात देऊ नका. पाय हलू न देता लगेच पाठवा. आणि उचलताना कोणी कानांना धरलं नाही ना?"

"छे! आमच्याकडे सगळे ट्रेन्ड आहेत."

मनीष त्याच दुपारी गाडी घेऊन सुरतला गेला. मॅडमनी हाडात पिन घातली, म्हणजे आतून बारीक सळई बसवली. पाय जुळला. मखाना थोडा लंगडत, पण खाऊ-धावू लागला.

मनीष पेढे घेऊन आला. "साहेब, तुम्ही योग्य ठिकाणी पाठवलं, म्हणून वाचला."

मी नम्रतेने स्तुती स्वीकारली.

"बापूजींना आता आम्ही त्याला हात लावू देत नाही," तो म्हणाला. "पीहू तर आजोबांशी बोलतच नाही. त्यांनी एकासणं धरलंय. दिवसातून एकदाच जेवतात. माझ्या हातून जीव दुखावला, म्हणतात. फार सुकलेत."

"या वयात जपायला हवं," मी म्हणालो. सरकारी दवाखान्यात सल्ला विनामूल्य असतो. पेढाही मी खाल्ला.

पाप मी करावे आणि प्रायश्चित्त शेठनी घ्यावे, अशी ही कामाची वाटणी महिनोन्महिने सुरळीत चालली.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेठ मनीषचा हात धरून दवाखान्यात आले. वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखावले असेल, तर जैन माणसे या सुमारास प्रत्येकाची क्षमा मागतात. शेठ दरवर्षी येत. मी दरवर्षी "असू द्या हो" म्हणत असे. या खेपेस त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"डॉक्टरसाब," त्यांनी हात जोडले. "त्या दिवशी आमच्यामुळे तुम्हालाही तकलीफ झाली. मिच्छामि दुक्कडम्."

"असू द्या" म्हणायचा हक्क या वर्षी माझा नव्हता.

या प्रकरणातून व्यवसायबंधूंनी घेण्यासारखे थोडेसेच आहे. सशाचा मागचा भाग तळहातावर पेलावा. आणि आपल्याला ससा कळत नसेल, तर तसे आधीच सांगावे. आधी सांगितल्याने सुरत काही लांब जात नाही.

मी खुर्चीतून उठलो.

"मनीष, तूही ऐक, आणि पीहूला माझं नाव घेऊन सांग. शेठ, टोपली कुठेही आदळली नव्हती. तुम्ही चष्मा आणायला गेलात, तेव्हा मी मखानाला कानांना धरून उचललं. पाय माझ्या हातात मोडला, आणि मी तो तुमच्या माथी मारला. तुमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. आज संध्याकाळी जेवा. मला माफ करा."