मुदा आणि मुद

त्या खोलीत खरे किती वाजलेत हे कधीच कळत नसे. बंगळुरात हेब्बाळच्या तळ्याच्या अंगाला आमचा भिंतीवरच्या घड्याळांचा कारखाना होता, आणि खोक्यात भरण्याआधी घड्याळं दिवसभर पॅकिंगच्या खोलीत टांगून चालवून बघत. कुणाचे सव्वातीन, कुणाचे दहा, कुणाची अजून पहाटच. नव्वदच्या दशकातली ती वर्षं आठवली की मला आधी टिकटिक ऐकू येते, मग दुपारचं पिवळं ऊन दिसतं, त्यात तरंगणारी, खोक्यात भरायच्या गवताची कुसं दिसतात, आणि खिडकीपाशी स्टुलावर बसलेली अक्का. डोळे मिटलेले, घड्याळ कानाशी.

अक्का आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातली. शिकली मात्र कन्नड शाळेत. मी तिचा सुपरवायझर, वयानं तिच्या धाकट्या भावासारखा. म्हणून ती मला तम्मा म्हणे. इंग्रजी शाळेतून आलो होतो आणि डोक्यात बरीच हवा होती.

तेव्हा गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पाऊस पडत होता. साहेबांनी मला एका तक्रारीपायी मल्लेश्वरमला पाठवलं. तिथल्या बाईंनी, मी बदली म्हणून नेलेल्या घड्याळाचं खोकं माझ्याच हातून उघडवलं. सुतळीच्या गाठी सुटेनात म्हणून विळी आणली. रद्दीचे थर संपता संपेनात. शेवटी गवत घरभर झालं, आणि आत काच तडकलेलीच. “घड्याळ पाठवलंत की म्हशीचा चारा?” त्यांनी कन्नडात विचारलं. मी केरसुणी मागून घेतली.

साहेब त्या सुमारास कसल्याशा प्रशिक्षणाहून एक जपानी शब्द घेऊन आले होते. मुदा. ज्याचा गिऱ्हाइकाला काही उपयोग नाही असं सगळं म्हणजे मुदा, फुकट गेलेलं. ते शोधायचं, त्यावर लाल चिठ्ठी लावायची आणि काढून टाकायचं. काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना वाचता यावं म्हणून चिठ्ठ्या मी कन्नड अक्षरांत लिहिल्या, आणि लिहिताना शेवटचा काना खाल्ला. झालं ‘मुद’. बोलण्यापुरती कन्नड मला येई, पुस्तकातली येत नसे. चिठ्ठ्या वाचून बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, लाल रंग आवडला असेल.

गवतावर चिठ्ठी लागली, गवत गेलं. सुतळी गेली, रद्दी गेली. त्यांच्या जागी घड्याळाच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा आला. त्यात घड्याळ पाळण्यात ठेवल्यासारखं बसे आणि खोकं नुसत्या हातानं उघडे. काचा फुटायच्या थांबल्या. मी हवेत तरंगत होतो.

मग साहेब म्हणाले, आता अक्काचं ऐकणं काढा. इतका वेळ कानाला लावून बसते, शिवाय अधूनमधून एखादं घड्याळ बाजूला काढते, ते पुन्हा सगळं उघडावं लागतं. आम्हीही ते अक्काचे लाड समजत होतो. स्टूल काढायचं म्हणजे अक्कालाही काढायचं, हे साहेबांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं होतं. ती जेवायला गेल्यावर मी स्टुलाला चिठ्ठी चिकटवली. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

ती परत आली, चिठ्ठी वाचली आणि उभीच राहिली.

“तम्मा, इकडं ये. याचा अर्थ ठाऊक हाय का तुला?”

“वाया गेलेलं,” मी खाली बघत म्हणालो.

“तुमच्या जपानात असंल. आमच्या कन्नडात मुद म्हणजे आनंद. गवताला आनंद लावलास, गवत गेलं. सुतळीला लावलास, सुतळी गेली. आता मला लावलास.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “अक्का, तुला ऐकू तरी काय येतं?”

तिनं एक घड्याळ माझ्या कानाला लावलं, मग दुसरं. “ह्ये बघ. स्वल्प घासतंय.”

मला दोन्हींत काडीचा फरक कळला नाही. तरी ते दुसरं मी साहेबांसमोर उघडायला लावलं. सेकंदाचा काटा आतून काचेला पुसटसा टेकत होता. महिनाभरात ते घड्याळ कुणाच्या तरी भिंतीवर बंद पडलं असतं. साहेबांनी काटा बोटानं हलवून बघितला. मग अक्काच म्हणाली, “खोकं भरताना ऐकून उपेग काय, सार? काच बसवतात तिथं बसवा मला. तिथल्या तिथं नीट करतील.”

इतक्या वर्षांत तिला काय ऐकू येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तर घड्याळ लावून तिचा वेळ मोजला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी स्टूल मी स्वतः उचलून काच बसवायच्या टेबलापाशी नेलं. अक्का मागून हात मोकळे सोडून आली, बसली, पहिलं घड्याळ कानाला लावलं. मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं डोळे न उघडताच हात वर केला.

“सरी, सरी. असू दे. आता जा बघू. तू बोलत राहिलास तर मला कायबी ऐकू येत नाही.”