जहाजाला लावलेला गुण्या

सगळ्यात आधी चाचांचं नाव घ्यायला हवं, आणि तेच घेता येत नाही. "माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिही, पण नाव घालू नको. लेक वाचेल आणि महिनाभर चिडवेल मला," असं त्यांनी बजावलंय. म्हणून नुसतं चाचा लिहितो. रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. डॉकमध्ये बत्तीस वर्षं प्लेटर होते, म्हणजे जहाजाचे लोखंडी पत्रे वाकवून जागेवर बसवणारे. आता सीवूड्सला लेकीकडे राहतात. ते नसते तर मी आज महाप्याच्या वर्कशॉपमध्ये नसतो. कुठे असतो, याचा विचार मी अजून अर्ध्यावर सोडून देतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये बिल्डर लोकांच्या इमारतींची मॉडेल्स बनतात. सेल्स ऑफिसात मधोमध काचेखाली ठेवलेली असतात ना, आत दिवे लागणारी, बाजूला स्विमिंग पूल आणि हिरवीगार झाडं, तीच. त्यातली झाडं मी करायचो. तांब्याची तार पिळायची, फांद्या फुलवायच्या, गोंदात बुडवायच्या आणि हिरव्या रंगाच्या स्पंजच्या चुऱ्यात लोळवायच्या. अडीच वर्षं झाडं केली. करंजाडे, उलवे, तळोजा, कुठल्याही सेल्स ऑफिसात जा, निम्मं जंगल माझं. टेबलावर मात्र, म्हणजे प्रत्यक्ष इमारत जिथे उभी राहते तिथे, मला कोणी उभं करत नसे.

एकदा केलं होतं. एका टॉवरचा फोटो दिला आणि त्यावरून वरचे मजले करायला सांगितले. फोटोत टॉवर वरती निमुळता दिसत होता, मी तसाच निमुळता केला. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो उचलून सगळ्यांसमोर धरला. "टॉवर बनवलाय का कुल्फी?" फोटो खालून काढला की इमारत वर बारीक दिसते, भिंत खरी सरळच असते, हे मला तेव्हा कळलं. नंतर सहा महिने सगळे मला कुल्फी म्हणायचे. मीही हसायचो. न हसून काय करणार?

मी नववीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे कोणाला सांगून नाही. गणितात आणि इंग्रजीत नापास झालो, शाळेतले सर सगळ्या वर्गासमोर बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी दप्तर घेऊन तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसायला लागलो. दोन महिने. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला घरी. वाशिम जिल्ह्यातलं आमचं लहान गाव, बाबांच्या कानावर जायला दोन महिने लागले हेच नवल. बाबा मारायला उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगितलं असतं त काही केलं असतं." ते वाक्य मी बरोबर घेऊन इथे आलो.

करंजाड्याला एका आगरी काकींच्या चाळीत खोली आहे माझी. एकट्याची. काकी चांगल्या आहेत, दारावरून जाताना "जेवलास का रं?" म्हणून विचारतात, आणि मी "हो काकी" म्हणतो, जेवलो असो वा नसो. आईचा फोन येतो. "काहून बोलून नाही राहिला? बरा हायेस ना?" बरा आहे म्हणतो. कधी कधी रविवारी दिवसभरात तोंड उघडायचं ते फक्त अंडी घेताना. सोमवारी वर्कशॉपमध्ये पहिला शब्द बोललो की स्वतःचाच आवाज घोगरा वाटायचा.

तर जहाज. आमच्याच एमआयडीसीत जहाजांसाठी व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी आहे, त्यांना रिसेप्शनमध्ये ठेवायला युद्धनौकेचं मॉडेल हवं होतं. नवी, क्षेपणास्त्रं सोडणारी युद्धनौका, शंभराला एक या मापात. मोजली तर बरोबर माझ्या उंचीएवढी लांब. आम्ही आयुष्यात बोट केली नव्हती. खऱ्या युद्धनौकेचे नकाशे कोणी देत नाही, त्यामुळे हातात होते फक्त फोटो आणि वरवरची दोन ड्रॉइंगं. म्हणून सरांनी ओळखीतून चाचांना बोलावलं. आठवड्यातून दोनदा यायचे, चहा प्यायचे, चुका दाखवायचे. खालचा सांगाडा मोठ्या कारागिरांनी केला. तेवढ्यात टेबलावरचे दोघं एका टॉवरच्या घाईत अडकले आणि सरांनी माझ्याकडे बघितलं.

"डेकच्या वरचं बांधकाम तू घे. नीट केलंस तर यापुढे टेबलावर. नाही जमलं तर झाडंही दुसरं कोणीतरी करेल, समजलं?"

समजलं. त्या क्षणापासून मला झोपेतही तेच दिसत होतं.

चाचा त्याच आठवड्यात पुतणीच्या निकाहासाठी गावी गेले. मी फोटो समोर लावले. डेकवरच्या खोल्या, त्यावर ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती केबिन, आणि त्यावर मास्ट, म्हणजे रडार लावायचा उंच खांब. आणि सगळ्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या. बघताक्षणी घाम फुटला. पुन्हा कुल्फी! पण या वेळी मला माहीत होतं ना. फोटो फसवतो. मी काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि एकेक भिंत सरळ उभी केली. अॅक्रेलिकचे तुकडे कापायचे, गुण्याला टेकवायचे, आणि सिरिंजने सांध्यात क्लोरोफॉर्मचा थेंब सोडायचा. क्लोरोफॉर्म अॅक्रेलिकला विरघळवून एकजीव करतं, मग ते तोडल्याशिवाय सुटत नाही. नऊ दिवस मी ते केलं. खिडक्या कोरल्या. खोल्यांचे छोटे दरवाजे बसवले. मध्ये दोनदा शंका आली. एक फोटो समुद्रातून, लांबून काढलेला होता, त्यातही भिंती झुकलेल्याच. विचारायला सरांच्या केबिनपर्यंत गेलो आणि काचेतून ते फोनवर दिसले. परत आलो. खरं तर फोन लगेच संपला होता.

चाचा आले ते दहाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. सर बाहेर गेले होते. चाचांनी खांद्यावरची पिशवी ठेवली, चष्मा पुसला आणि जहाजाकडे बघत राहिले.

"या अल्ला. ही काय सोसायटी बांधलीस?"

मी हातातली सिरिंज खाली ठेवली.

"वॉचमनची केबिन कुठाय? पार्किंग?" मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. स्टूल ओढून बसले. "बस इथे. सरळ का केल्यास भिंती?"

मी कुल्फीपासून सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्या वर्षात कोणाशी बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतलं, मग भिंतीवरचा एक फोटो काढून माझ्या मांडीवर ठेवला. धक्क्याला लागलेलं जहाज, समोरून.

"मागे काय उभं आहे?"

"क्रेन."

"वाकलीय?"

क्रेन सरळ होती. ओळंबा सोडल्यासारखी सरळ. एकाच फोटोत.

"फोटो फसवतो तर दोघांना फसवेल, पोरा. क्रेनला सोडून जहाजाला फसवेल का?"

नऊ दिवस तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी क्रेन एकदाही बघितली नव्हती.

मग त्यांनी आपल्या डब्याचं स्टीलचं झाकण काढून माझ्यासमोर धरलं. त्यात माझा चेहरा दिसला, वाकडातिकडा. झाकण थोडं मागे कललं आणि चेहरा जाऊन वरची ट्यूबलाइट दिसायला लागली. "रडारचं असंच असतं. सरळ भिंतीवर आपटलं की आलं तसं परत जातं, दुश्मनाला कळतं. भिंत कलती असली की वर निघून जातं. जहाज आहे, पण दिसत नाही." झाकण डब्याला लावून ते म्हणाले, "आता साहेब कधी येणार?"

मी म्हणालो, चाचा, नका सांगू. मी म्हणालो, दोन दिवस द्या, काहीतरी करतो, रंगात लपवतो, लांबून कळणार नाही. हे मी खरंच बोललो. एसटी स्टँडवर बसणारा मुलगा बोलला असता तसंच.

"मी नाही सांगणार," चाचा म्हणाले. "तू सांगशील. मी बाजूला उभा राहतो."

चारला सर आले. मी केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्या टेबलाला अगदी चिकटून उभा राहिलो. सांगितलं. वरचं सगळं चुकलंय, सुटणार नाही, नव्याने करावं लागेल.

सर बाहेर येऊन जहाजाभोवती फिरले. "नऊ दिवसांत कोणाला विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"वाटलं होतं सर. भीती वाटली."

"सांगायचं काम माझं होतं," चाचा म्हणाले. "भिंती कलत्या असतात, हे पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. मी लग्नाला निघालो त्या घाईत..."

"चाचा, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये कुठे? बाजूलाच उभा आहे."

सर हसले नाहीत, पण थोडे सैल झाले. "सोळा दिवस आहेत. होईल?"

"त्याला विचारा ना," चाचा म्हणाले.

होईल, मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

त्यानंतर चाचा आठवड्यातून दोनदा नाही, रोज आले. कोणी सांगितलं नव्हतं. सीवूड्सहून बस बदलत, पिशवीत डबा आणि जुनी लाकडी पट्टी. पहिल्या दिवशी त्यांनी माझा गुण्या उचलून खिडकीत ठेवला आणि पुठ्ठ्याचा फर्मा कापायला शिकवलं. फोटोतली क्रेन हा आपला ओळंबा. तिच्यापासून भिंत किती कलली ते मोजायचं, तेवढाच तिरका पुठ्ठा कापायचा, आणि प्रत्येक भिंत त्या पुठ्ठ्याला टेकवून चिकटवायची. डॉकमध्ये खऱ्या पत्र्यांना ते असेच फर्मे करायचे, माणसाच्या उंचीचे. "कोपऱ्यात दोन कलत्या भिंती भेटतात, तिथे तुझी अक्कल," म्हणायचे. तिथे खरंच अक्कल लागली. पहिले तीन कोपरे उघडे राहिले, फट एवढी की सुई जाईल. चौथा बसला. चाचांनी नख फिरवून बघितलं आणि फक्त डब्यातली तांदळाची भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे सरकवली. रोजच सरकवायचे. लेक जास्त देते, संपत नाही, म्हणायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की डब्यात चमचे दोन असतात.

त्या सोळा दिवसांत काकींनी विचारलं जेवलास का, तर मी "हो काकी" म्हणायचो आणि ते खरं असायचं.

जहाज वेळेत झालं. राखाडी रंग मारल्यावर तर ते असं दिसायला लागलं की उजेड त्याच्यावर थांबतच नाही. तारेचे कठडे, मास्टवरच्या काड्या, मागे हेलिकॉप्टर उतरायचा डेक. व्हॉल्व्ह कंपनीचे साहेब बघायला आले, दोनदा फिरले, खूश झाले, आणि जाताना म्हणाले, "आत लाइट नाही लागत का? बिल्डिंगच्या मॉडेलमध्ये लागतात." सर म्हणाले, युद्धनौका आहे साहेब, ती अंधारातच बरी.

ते गेल्यावर चाचा जहाजाभोवती एकटेच फिरत राहिले, कंबरेतून वाकून. "बत्तीस वर्षं मी पत्र्यांच्या आत होतो," म्हणाले. "जहाज डॉकबाहेर काढलं की ते समुद्रात, आम्ही दुसऱ्याच्या पोटात. असं अख्खं मी कधी बघितलंच नाही." मी विचारलं, चाचा, तुमच्यासाठी एक करून देऊ? छोटं? ते हसले. "हे नको. हे दुश्मनापासून लपणारं. माझ्या वडिलांचा मचवा होता, शिडाचा, लाकडी. मुरुड ते भाऊचा धक्का, कौलं आणायचा. त्याला एकही भिंत सरळ नव्हती आणि एकही कलती नव्हती, सगळी गोल. फोटो नाही एक पण." मग पिशवी खांद्याला लावून निघाले. काम संपलं होतं ना.

सोमवारी सरांनी मला टेबलावर घेतलं. फार काही बोलले नाहीत, माझा चहाचा कप झाडांच्या कोपऱ्यातून उचलून टेबलावर ठेवला, बस. आता मी इमारतीच करतो, गुण्यात. कुल्फी कोणी म्हणत नाही. जेवायच्या सुट्टीत एकटाच असतो. कधी कधी बोलायला तोंड उघडतो आणि शेजारचं स्टूल रिकामं दिसतं.

सीवूड्सला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय? दोन्ही वेळा मी म्हणालो, चुकून आलो. भीती नव्हती ती, किंवा थोडी होती. पण माझ्या हातात काही नव्हतं, आणि त्या माणसाकडे मला रिकाम्या हाताने जायचं नाही.

चाचा, लेक वाचून दाखवेल तेव्हा ऐका. मचव्याचा फोटो नाही म्हणालात, पण तुम्हाला तो आठवतो. एक दिवस वही घेऊन येईन, तुम्ही सांगा, मी काढत जाईन. गोल भिंतीला फर्मा कसा कापतात ते मला अजून येत नाही, तेही तुम्हीच शिकवा. वेळ लागेल, तुमचे उपकार त्यानेही फिटायचे नाहीत. पण तुमच्या वडिलांचा मचवा मी करून देणार. आणि त्या दिवशी वॉचमनने विचारलं तर तुमचं नाव सांगणार.