तात्यांचा मऊ ट्रक

बारामती ते इंदापूर या टापूत माझ्या ताईच्या सासऱ्यांनी गाड्यांच्या पोटाखाली जितका वेळ घालवला, तितका कुणी स्वतःच्या घरातसुद्धा घालवला नसेल. इंदापूर रस्त्याला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं आणि सगळे त्यांना तात्या म्हणत. ताईला बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी ओसरीवर गप्पा मारत होती आणि तात्या अंगणातल्या आमच्या टेम्पोखाली धोतरासकट आडवे झाले होते. चहा तिथंच सरकवावा लागला. बाहेर येऊन म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पर टेम्पो डावीकडं बसलाय, तेवढं लग्नाआधी बघून घ्या." माझ्या वडिलांनी मुकाट्यानं बघून घेतलं. एस.टी.त तात्या हटकून मागच्या बाकावर बसत, कारण मागच्या चाकांना जोडणारा एक्सल काय म्हणतोय ते तिथून नीट ऐकू येतं. सुप्याच्या एका लग्नाला जाताना त्यांनी गाडी थांबवून ड्रायव्हरकडून ढिला बोल्ट आवळून घेतला. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून जेवणाच्या पंगती उठत होत्या.

या माणसाला बोच होती ती एकाच गोष्टीची, थोरल्या भावाच्या कंबरेची. आबांनी अंथुर्ण्याहून कारखान्याला ऊस वाहण्यात जन्म घालवला. जास्त ऊस बसावा म्हणून त्यांच्या ट्रकला जादा पाटे, म्हणजे चाकांवरच्या भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, तात्यांनीच चढवले होते, आणि ते इतके ताठ की चाक खड्ड्यात जायचं आणि कळ आबांच्या कंबरेत निघायची. शेवटी डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं, मुलगा ट्रक चालवू लागला. आबांनी भावाला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, त्यामुळे तात्यांना आणखीच लागलं. पुढं १९९० नंतर कधीतरी गावच्या जत्रेत मोकळ्या ट्रकांची शर्यत ठरली, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "जल्मभर भरल्याली गाडी हाकली. एकदा मोकळी पळवायची हुती."

दुसऱ्याच दिवशी तात्यांनी ट्रक आणून मागचे पाटे उतरवले आणि भंगारातून मऊ गोल स्प्रिंगा शोधून आणल्या. पण पाटे भार झेलतात आणि एक्सलही जागेवर धरून ठेवतात. स्प्रिंगा लावल्यावर एक्सलला धरणार कोण? ही अडचण त्यांनी बायकोला समजावली, "पाटा म्हंजी थोरली सून. वजं बी तिनंच उचलायचं, घर बी तिनंच धरायचं. स्प्रिंग नुसती पाव्हणी."

"मग लावा की धरायला चार जण," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या.

तात्यांनी जाड पाइप कापून खरोखरच चार हात केले आणि एक्सल चेसीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, जखडून दिला. मग नांगरटीतून चाचण्या सुरू झाल्या. मांडीवर ताकानं भरलेला तांब्या घेऊन मागं बसायचं काम पाहुण्यारावळ्यांचं. ताक सांडलं की तात्या तांब्याकडं बघत, माणसाकडं नाही. त्या महिन्यात ताईच्या सासरी जायला सगळे नातेवाईक टाळू लागले.

शर्यतीच्या दिवशी आबा चढले ते दोघांच्या आधारानं. ट्रक सुटला तो एका दमात पुढं गेला. गंमत अशी, की त्या ट्रकातला वेगाचा काटा वर्षानुवर्षं बंद होता आणि आबा वेग ओळखत तो कंबरेवरून. कंबरेला काहीच लागेना, म्हणून त्यांना वाटलं गाडी चालतच नाही. ते ॲक्सिलरेटर दाबत गेले, शेवटच्या खुणेवर न वळता सरळ इंदापूरच्या दिशेनं निघून गेले आणि परत आले तोवर पहिल्या नंबराचा नारळ दुसऱ्याला मिळाला होता. आबा दार उघडून कुणाच्या आधाराशिवाय खाली उतरले. "वढतच न्हाय रं गाडी," म्हणाले.

तात्यांनी सगळ्या गावासमोर त्यांच्या कंबरेवर हात ठेवला. "दुकतंय?"

"न्हाय."

"खरं सांग, आबा."

"न्हाय म्हनलं की."

तात्या तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. आम्ही पाहुण्यांनी त्या ताकाबद्दल त्यांना तेव्हाच माफ केलं.

पुढं गळिताचा हंगाम आला. मऊ स्प्रिंगांवर ऊस लादता येत नाही, म्हणून तात्या पुन्हा पाटे चढवायला बसले आणि आबा पाने-पकडी हातात देऊ लागले. जादा पाट्यांची पाळी आली तेव्हा आबांनी त्यांवर पाय ठेवला. "हे ऱ्हाऊ दे. आता स्टेरिंगवर पोरगं बसतंय." तात्यांनी मान हलवली. ते पाटे काही परत चढले नाहीत आणि ट्रकात ऊस थोडा कमीच बसू लागला. आता दोघंही भाऊ नाहीत. आबांचा मुलगा अजून ऊस वाहतो. तो रस्त्यात भेटला, गाडीतून उडी मारून उतरला, की मला तात्यांची फार आठवण येते.