सात नंबरचं मॉडेल

किस्से जमवावे लागत नाहीत. प्लास्टरच्या भुकटीसारखे ते साचतात. गाडी कितीही झटका, सीटच्या फटीत थोडी उरतेच. आमचं काम म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांची उंची मोजायची आणि दातांचे ठसे घ्यायचे. ठशात प्लास्टर ओतून जे निघतं ते मॉडेल. त्यावर नाव नसतं, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती वही माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वी, सुरुवातीला सरावासाठी प्रत्येकाने आपले आणि घरच्यांचे ठसे घेतले. सात नंबर माझ्या मुलीचा, रेणूचा. दहा वर्षांची होती. इतकी हसली की ठसा दोनदा घ्यावा लागला. त्याच वर्षी ती तापाने गेली. मॉडेल खोक्यात राहिलं. मी ते पुन्हा काढलं नाही.

*

धानोऱ्याला एका आजीने नातवाचं मॉडेल हातात घेतलं. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. बराच वेळ बघून तिने डोक्यावर पदर ओढला. सुनेने विचारलं, काय झालं?

"ह्या तं तुन्हा सासराना दात शेतस."

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुनेनेही गुपचूप पदर घेतला!

*

खांडबाऱ्याजवळच्या एका वस्तीवर तान्ह्या बाळांची लांबी मोजत होतो. बाळाला उभं करता येत नाही, म्हणून त्याला लाकडी फळीवर निजवतात. फळीच्या दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या असतात. तिथला ख्रिस्ती सुतार जवळ आला, पट्टीवरून हात फिरवला, जोड चांगला बसलाय म्हणाला.

"मीपण माप घेतो, सर. आडवंच घेतो. पेटीसाठी."

रांगेतल्या बाया एकेक करून बाळं घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी आमची नोंद तीनच बाळांची.

*

गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टर गावित मॅडम आल्या. त्यांनी टेबलावर वीस मॉडेलं मांडली आणि समाजाप्रमाणे वेगळी करा म्हणाल्या. आमचा ड्रायव्हर सलीमभाई प्लास्टरही तोच कालवतो, त्यामुळे त्याला भारी खात्री. त्याने एक मॉडेल उचललं, म्हणाला, हा म्हसावदच्या वरच्या डोंगरातला पावरा, डोळे मिटून सांगतो!

मी वही उघडली. मॉडेल खुद्द सलीमभाईचंच होतं.

मॅडम म्हणाल्या, फरक शेकडो तोंडांत मिळून दिसतो, एका तोंडात नाही. सलीमभाई दिवसभर आरशात बघत होता.

*

या महिन्यात मॉडेलांची खोली रिकामी करायची ठरली. सरावाची मॉडेलं फोडून टाकायची, पण त्याआधी मॅडम प्रत्येकाची दुसरी नोंद करणार. पहिली नोंद माझी असते, ती त्यांना दाखवायची नाही. सात नंबर मला ठेवा, एवढं म्हणायला हवं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

दोन्ही नोंदी जुळवायला बसलो. सात नंबर, वरचा डावा सुळा. माझ्या अक्षरात 'नाही'. त्यांच्या अक्षरात 'निम्मा आलेला'.

फरक पडला की दोघांनी मिळून बघायचं, असा नियम आहे. मॅडमनी मॉडेल खिडकीशी धरलं. मी बोट लावलं. तेव्हा तिथे नुसती फुगलेली हिरडी होती, मला पक्कं आठवतं. बोटाला टोक लागलं.

"हे मूल आता किती वर्षांचं, सर?"

मी वही उघडली नाही.

"बारा."

"मग वेळेवर येतोय," मॅडम म्हणाल्या, आणि मॉडेल फोडायच्या ढिगात न टाकता कपाटात ठेवलं. "पुढच्या वर्षी परत बघू."