लाइन गेल्यावर

झिरोमामांनी पिशवी उघडली की आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारातले भाजीवाले एकमेकांकडे बघून हसायचे. मामा आधी रिकाम्या काट्याकडे बघणार, हे ठरलेलंच असायचं. काट्यावर काही नसताना आकडा शून्यावर आहे, याची खात्री झाल्याशिवाय त्यांनी कधी पावशेर वांगी घेतली नाहीत. एकदा एक भाजीवाली भडकलीच. "काहून जी, मी काय चोर हाओ?" मामा शांतपणे म्हणाले, "तू नाई वं माय. पन तुले तरी कुठं माहीत हाये काट्याच्या पोटात काय हाये ते?" तिनेही मग वाकून आकडा पाहिला.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. बाबांच्या मशीन शॉपमध्ये मिलिंग मशीन त्यांच्याकडे होती, मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून. किन्हीराजाहून रोज मोटरसायकलवर यायचे. त्यांच्या वस्तीतून वाशिमच्या आयटीआयला जाणारे ते पहिले, आणि याचा अभिमान त्यांनी बोलून कधी दाखवला नाही. फक्त शर्टाला इस्त्री कडक असायची. माप घ्यायचा व्हर्नियर हातात घेतला की आधी त्याचे जबडे मिटायचे, झिरो बघायचा, मगच तो जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, लावायचा. दिवसातून शंभर वेळा तरी. मी डिप्लोमा करून शॉपमध्ये यायला लागले तेव्हा मला याचा फार वैताग यायचा. "मंगाशीच तर पाह्यला ना, मामा!" असं म्हटलं की मान वर न करता ते म्हणायचे, "मंगाशीचा मंगाशी गेला."

बाबा वारले आणि शॉप माझ्या गळ्यात पडलं. आमचं मोठं काम म्हणजे फवारणी पंपातला एक पितळी भाग. बोटाएवढाच, पण त्याला आतून आटे, दोन चपट्या बाजू आणि एक तिरकं छिद्र. लेथवर एकदा धरायचा, मिलिंगवर दुसऱ्यांदा, ड्रिलवर तिसऱ्यांदा. दर वेळी सोडून पुन्हा धरताना कुठे ना कुठे केसभर फरक पडायचाच. पंपवाल्यांनी सांगून टाकलं, पुढच्या हंगामापर्यंत सगळे नग सारखे आले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल. ते काम गेलं असतं तर शॉपला कुलूपच लागलं असतं. तेव्हा टर्न-मिल मशीनचा विचार सुरू झाला: जॉब एकदाच धरायचा, आणि लेथ, मिलिंग, ड्रिलिंग सगळं तिथेच उरकायचं. मी माहितीपत्रकं वाचून वाचून अगदी पंडित झाले होते. पण खरं सांगते, मामांनी "हो" म्हटल्याशिवाय सही करायची माझी छाती नव्हती. आणि मामांचं मिलिंग बंद पाडणारी मशीन मामांनाच पारखायला सांगायची, याची लाजही वाटत होती.

आम्ही एसटीने संभाजीनगरला गेलो. मामांच्या पिशवीत आमच्याच पितळेचे चार तुकडे, ड्रॉइंगची घडी आणि दशम्या. पहिल्या शोरूममध्ये गेल्या गेल्या चहा आला, बिस्किटं आली, आणि काचेआड त्यांच्या मशीनने एक बुद्धिबळाचा घोडा कोरून दाखवला. फार देखणा घोडा. मी तर भाळलेच. मामांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, परत दिला आणि पिशवीतला तुकडा काढला. "घोडा चांगला हाये. आता आमचं करून दाखवा." त्यांनी तेही करून दाखवलं, मापात. मग मामा म्हणाले, "आता ड्रिल आत असताना मेन स्विच पाडा."

तिथला इंजिनिअर हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की पाहुणे हसत नाहीयेत.

"अशी टेस्ट आम्ही देत नाही, काका. मशीनला त्रास होतो."

"आमच्याकडं लाइन रोज जाते. तव्हा त्रास कोनाले होईन?"

"मग जनरेटर घ्या ना."

"तो चालू होईपर्यंत तुमची मशीन तर थांबलीच ना, साहेब."

आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. मी वैतागले होते. एवढ्या लांब यायचं आणि स्विचवरून भांडायचं! "मामा, मशीन किती छान काम करत होती!" मामा रस्त्याच्या कडेला दशमी सोडत म्हणाले, "लाइन असताना सगळेच चांगले काम करते, पोरी. पडल्यावर कशी उठते ते पाहू दे मले."

दुसरीकडचा इंजिनिअर तरुण होता. त्याने आत जाऊन कुणाला तरी फोन केला, घाम पुसत परत आला आणि म्हणाला, "चला काका, पाडा स्विच." आमचा पितळेचा तुकडा मशीनने धरलेला, ड्रिल तिरक्या छिद्रात अर्धं आत. मामांनी स्वतः स्विच पाडला. आवाज उतरत उतरत बंद झाला, पडदा काळा झाला. तुकडा मात्र धरलेल्या जागी घट्ट होता, एवढं मामांनी आधी वाकून पाहिलं आणि मग मनगटावरचं घड्याळ. पुन्हा लाइन दिली. इंजिनिअरने घाईघाईत ड्रिल बाहेर काढायला घेतलं, चुकीच्या दिशेने, आणि ते आतच कट्कन मोडलं. बिचाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. मामांचा मात्र उजळला. "बरं झालं मोडलं! आता मोडल्यावर काय करावं लागते तेबी दाखवा."

त्यानेही लपवाछपवी केली नाही. कुठे चुकलं ते सांगितलं, नवं ड्रिल लावलं, दुसरा तुकडा धरला. मामांनी तयार झालेला भाग घेतला, व्हर्नियर मिटून झिरो पाहिला आणि मापलं. बरोबर. पडून उठल्यावरही मशीनला आपली जागा आठवत होती. मला वाटलं, झालं आता. तेवढ्यात मामांनी तिसरा तुकडा धरायला लावला, ड्रिल आत गेल्यावर पुन्हा स्विच पाडला आणि माझ्याकडे वळले. "आता तू उठव."

मला पस्तीस मिनिटं लागली. इंजिनिअर मागून सांगत होता, आणि एवढं करून ड्रिल मोडलंच. मामा म्हणाले, "मशीन चालते. तुले शिकावं लागन."

परतीच्या एसटीत मेहकर मागे पडलं. शेवटी धीर करून विचारलं, "मामा, मशीन आल्यावर तुमचं मिलिंग बंद पडन. मंग तुमी?"

ते खिडकीबाहेर बघत होते. वळून म्हणाले, "मी काय मिलिंग हाओ?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मिलिंग मशीनची सकाळभर साफसफाई केली, तेलपाणी केलं. मी त्या बाजूला गेले नाही.

मशीन आली. महिनाभर मामा जेवायच्या सुट्टीआधी बरोबर स्विच पाडायचे आणि मी ती उठवायची. मी चिडायचे, एकदा तर हातातला पाना आपटला. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "आता झालं असन तर उठव." एके दिवशी वहीच्या पानावर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात सात ओळी लिहून त्यांनी मशीनच्या दाराला चिकटवल्या. वर मथळा: लाइन गेल्यावर. पहिली ओळ: घाई करू नये. सातवी: झिरो पाहावा.

पंपवाल्यांचं काम टिकलं. हंगाम संपल्यावर मामांनी काम सोडलं. डोळ्यांना बारीक रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. आता किन्हीराजाला असतात. सोयाबीनच्या दिवसांत व्यापारी काटा घेऊन गावात आला की पहिलं पोतं चढवण्याआधी मामांना बोलावणं जातं. आणि मला फोन येतो. त्यांची आणि आमची लाइन बहुतेक सोबतच जाते. त्यांच्याकडचा पंखा थांबला की मिनिटभरात इकडे फोन वाजणार: "गेली का वं? ड्रिल कुठं हाये? घाई नको करजो." मी फोन कानाला लावूनच मशीन उठवायची. कागद समोर होता, सगळं पाठही होतं, पण त्या आवाजाशिवाय मी बटणाला हात लावत नसे.

परवा दुपारी लाइन गेली. ड्रिल आत, आणि संध्याकाळी माल न्यायला पंपवाल्यांची गाडी यायची होती. मी सवयीने फोनकडे पाहिलं. वाजला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गेल्याच महिन्यात मामा छातीच्या दुखण्याने वाशिमला दवाखान्यात होते. मी फोन हातात घेतला. तेवढ्यात लाइन आली. आधी फोन लावावा की मशीन पाहावी? कागदावरची पहिली ओळ दिसली, आणि का कोण जाणे, मी मशीनकडे वळले. एक एक ओळ केली. ड्रिल अलगद बाहेर आलं, साबूत. पुढचा नग काढला, मापला. बरोबर. आणि मग मामांना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"किती मिनिटं लागले?"

"मामा! तब्येत बरी हाये ना? फोन काहून नाई केला?"

"ठणठणीत हाओ. मुद्दामच नाई केला. मिनिटं सांग."

"अकरा."

"ड्रिल?"

"साबूत हाये."

 ते म्हणाले, "चालते."

मला एकदम रडू फुटलं. मामांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "झिरो पाह्यला का?"

"मंगाशीच तर पाह्यला, मामा," मी म्हणाले. पुढे ते काय म्हणणार हे ठाऊक होतंच. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि व्हर्नियरचे जबडे मिटले.