पंचवीस मिनिटांचं थोरलेपण

काळ कोणाचीही आज्ञा मानत नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र भारताचा काळ तीनशे बाइट्सच्या आतल्या एका फाइलीत मावतो, आणि तिच्यात सरकारी आज्ञांखेरीज दुसरं काही नाही.

माझी नोकरी अशाच फाइलींच्या सहवासात गेली, म्हणून देवळीच्या काकांनी फोन केला. सहस्रचंद्रदर्शनासाठी त्यांनी कॉम्प्युटरवर पत्रिका काढून आणली होती. दवाखान्याच्या जुन्या कागदावर जन्म सकाळी सात-वीसचा, पत्रिकेत सहा-वीस. "तुह्या कॉम्प्युटरले घड्याळ समजत नाई," काका म्हणाले. "दुरुस्त करून दे."

मी फाइल उघडली. देशभराची ही फाइल कोलकात्याच्या नावाने असते. आधी ती कसली फाइल आहे हे सांगणारी चार अक्षरं, मग नुसते आकडे: कोणत्या सेकंदाला घड्याळ बदललं आणि किती. सेकंद मोजायचे १९७० च्या आरंभापासून, त्याआधीचे सगळे ऋण. त्या ऋण आकड्यांत दुसरं महायुद्ध होतं. तेव्हा सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती, आणि काकांचा जन्म त्याच काळातला. कॉम्प्युटरने तो तास वजा केला होता.

"पत्रिका बरोबर आहे," मी सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं.

कारण काकांचे चुलतभाऊ, वडनेरचे काका, त्याच दिवशी जन्मले होते; पण गावी, घरात, ऐन सूर्योदयाला. पौषात आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आणि युद्धाचं सरकारी पत्रक त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. म्हणजे आजवर पस्तीस मिनिटांनी थोरले असलेले वडनेरचे काका माझ्या एका वाक्याने पंचवीस मिनिटांनी धाकटे झाले. घराण्यातले सर्वांत वडील गृहस्थ नुकतेच वारले होते, आणि कुळदेवीच्या पूजेला पाटावर बसण्याचा मान आता या दोघांतल्या थोरल्याचा होता. देवळीच्या काकांकडे दुकान होतं, दुमजली घर होतं. वडनेरच्या काकांकडे थोडं शेत होतं आणि हे थोरलेपण.

पूजेच्या दिवशी त्यांनी मला ओसरीतच गाठलं.

"काऊन रे बाप्पा, लढाई झाली जर्मनीत अन् धाकटा झालो मी?"

"काका, फाइलीत तसंच आहे."

"घड्याळ काऊन बदललं, हे आहे का तिच्यात?"

"नाही. फक्त सेकंद आहेत."

"मंग तिले काय समजते!"



देवळीचे काका आतून आले. "ऐंशी वर्सं याले दादा म्हनलं मी. आता हा मले दादा म्हणीन काय?"

"नाई म्हणत," वडनेरचे काका म्हणाले.

पाट मांडलेला होता. सगळे फाइलीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होते.

"बस दादा तू," देवळीचे काका म्हणाले. "माहे गुडघे नाई वळत."

हा गृहस्थ आजही दुकानात सकाळपासून गादीवर मांडी घालून बसतो. वडनेरच्या काकांनी टोपी सारखी केली आणि ते पाटावर बसले.

पूजा बारा मिनिटांत आटोपली.